ओढ्याकाठचा राब

शकू आगिवले खोटं बोलणारी बाई नव्हती. बोलायला गेली तरी तिला ते जमायचं नाही. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि समोरच्याला सगळं कळून चुकायचं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा आमच्या घरचा राब नाय भाजायचा. भीती वाटते, पण प्रभूवर सोडलंय," तेव्हा तिच्या शब्दावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बायका हालेलुया म्हणाल्या. म्हाताऱ्या वाळूबाबाने डोळे पुसले. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते खोटं नव्हतंच. खोटं झालं ते तीन आठवड्यांनी.

मुरबाडहून माळशेजकडे निघालं की वैशाखरे लागतं, तिथून आत दीड कोसावर शकूची वाडी. या मुलखात भात करायचं म्हणजे आधी राब भाजायचा. ऐनाच्या झाडावर चढून फांद्या छाटायच्या, त्यांचे भारे बांधायचे. रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर बारीक माती, आणि मग वारा बघून पेटवून द्यायचं. तण जळतं, जमीन भाजून निघते. जूनमध्ये त्या काळ्या राखेत बी पेरायचं आणि जुलैत रोपं उपटून चिखलात लावायची. पणज्याने केलं, आज्याने केलं. कशासाठी म्हणून कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मग काय, नाय भाजायचा?"

शकूचा नवरा नवसू याच कामात गेला. सहा वर्षांपूर्वी बांधावरच्या ऐनावर तो कोयता घेऊन चढला. आयुष्यभर चढत होता तसाच. पायाखालची फांदी मोडली आणि तो खालच्या दगडावर पडला. कल्याणच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढून वारला. त्या वर्षीही शकूने राब भाजला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यानेच तोडलेल्या फांद्यांवर. लोक म्हणाले, काळजाची घट्ट आहे बाई. घट्ट कसली! तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

बदलाची तिला भीती होती आणि ती काही उगाच नव्हती. तिच्या आयुष्यात जे जे बदललं ते तिच्याकडून काहीतरी घेऊन गेलं. सरकारी गॅस घरी आला तेव्हा तिने दोन वर्षं सिलिंडरवर कळशी ठेवली आणि चूल फुंकत बसली. नव्या चपला पायात घालायच्या तर आधी जुन्या पायातून गळून पडाव्या लागत. अशा बाईने देव कसा बदलला, हे वाडीला पडलेलं कोडं होतं.

त्याचं उत्तर त्या एकोणीस दिवसांत होतं. नवसू दवाखान्यात असताना नातेवाईक पहिले चार दिवस आले, मग ज्याचा तो कामाला लागला. रोज येत राहिला तो वैशाखऱ्याचा साईनाथ. हा टेम्पो चालवायचा आणि रविवारी आपल्या पडवीत प्रार्थना घ्यायचा. ख्रिस्ती पाळक आणि नाव साईनाथ! कुणी हसलं की म्हणायचा, "नाव आईबापानं ठेवलं, ते राहू दे. माणूस बदलला की झालं." तो कल्याणला भाजी टाकून येताना डब्यात पेज घेऊन यायचा, शकूच्या बाजूला बाकावर बसायचा आणि काही विचारायचा नाही. जाताना तिची परवानगी घेऊन नवसूच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा. नवसू वाचला नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण शकूला वाटलं, ज्याच्या नावाने हा माणूस रोज इथे येऊन बसतो, तोही आपल्या बाजूला बसत असेल. एवढ्यावरच ती त्या पडवीत जायला लागली.

शेजारच्या शेताची ताराबाई तेव्हा चिडली होती. दोघी तीस वर्षं एकमेकींच्या शेतात लावणी करायच्या. चार दिवस हिच्याकडे, चार दिवस तिच्याकडे, मजुरीचं नाव नाही. ताराबाईने महिनाभर अबोला धरला आणि मग एक दिवस बांधावर येऊन सांगितलं, "देव बदललास ते तुजं तू बघ. लावणी बदलू नको म्हंजे झालं."

आणि बरोबर तेच आता बदलणार होतं.

झालं असं, की शकूचा मुलगा संदेश मुरबाडच्या कारखान्यात लागला. ऐनावर चढणारे गडी मिळेनासे झाले. सगळे कारखान्यात नाहीतर वीटभट्टीवर. या वर्षी संदेश म्हणाला, "आई, मीच चढतो. सुट्टी टाकतो दोन दिवस." एवढं म्हणून तो कोयत्याला धार लावायला बसला. दगडावर घासल्याचा तो आवाज ऐकून शकूच्या हातातलं पीठ परातीतच राहिलं.

तेव्हा सून नम्रता बोलली. तिचं माहेर शहापूरकडचं. तिचा भाऊ भाविक तीन वर्षं राब न भाजताच भात करत होता. गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच सपाट पट्टे, करायचे, लोखंडी साच्याने वाफ्यावर भोकं पाडायची, भोकात तीन-चार दाणे टोकायचे, बस. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा केलेले वाफे मोडायचेही नाहीत, पुढच्या वर्षी त्यातच पेरायचं. "कुणाला झाडावर चढायला नको, आई," नम्रता म्हणाली. शकूने त्या एका वाक्यासाठी होकार दिला आणि त्याच जोरावर रविवारी साक्ष दिली.

पण मार्च आला. डोंगराच्या अंगाने जागोजाग धूर चढायला लागला आणि शकूची झोप उडाली. बी भोकातच कुजलं तर? वर्षभर खायचं काय? आणि आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. ज्या कामापायी नवसू गेला ते काम नकोच होतं असं आता म्हणायचं, तर मग तो गेला कशासाठी?

ओढ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागे, तीन गुंठ्यांचा एक तुकडा तिचा होता. नम्रता पाण्याला गेली की शकू तिकडे जायची. झाडावर चढायचा प्रश्नच नव्हता. खाली पडलेला लाकूडफाटा, पाला, काटक्या, शेण असं चार दिवस वाहून तिने थर रचला आणि एका दुपारी पेटवून दिला. सगळीकडे धूर होता, त्यात आणखी एक. कुणाला काय कळणार? घरी येऊन तिने तोंड धुतलं, पण कानाच्या पाळ्या संध्याकाळपर्यंत लाल होत्या.

जूनमध्ये संदेश आणि नम्रताने वाफ्यांवर बी टोकलं. शकूनेही टोकलं, वाकून, नीट मोजून चार-चार दाणे. दुसऱ्या दिवशी तिने ओढ्याकाठच्या राबात पसाभर-पसाभर बी फेकलं.

जुलै उजाडला तशी राबातली रोपं वीतभर हिरवीगार उभी राहिली. वाफ्यांवरची मात्र विरळ होती, दोन रोपांमधून वासरू धावत जाईल अशी. त्यात त्यांची पानं पिवळी पडली. नम्रताने फोनवर फोटो पाठवले. भाविक म्हणाला, "सुरुवातीला पडतात पिवळी, मी सांगतो ती फवारणी करा, फुटवे यायला वेळ लागतो." त्याच्या बापाचं काय जातंय सांगायला, असं शकूला वाटलं. वाडीतली माणसं बांधावरून जाताना थांबायची, बघायची आणि काही न बोलता पुढे जायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

रोप महिन्याच्या वर गेलं की लावायच्या कामाचं राहत नाही. म्हणजे शकूच्या हातात आठवडाभर होता. वाफे मोडून चिखल केला आणि राबातली रोपं लावली तर निदान अर्धं शेत तरी उभं राहील. पुढच्या सोमवारी संदेशची पहिली पाळी होती आणि नम्रता आपल्या लहान पोराला घेऊन माहेरी गेली होती, ती मंगळवारी यायची. शकूने मनोजला गाठलं. याच्याकडे चिखलणीचा पॉवर टिलर होता. "सोमवारी नऊ वाजता ये," तिने सांगितलं. "कुणाला बोलू नको."

आदल्या शुक्रवारी डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. कड्याखालची दगडमाती सुटून खाली आली ती नेमकी ताराबाईच्या रोपांवर. पंचवीस दिवसांची रोपं कमरेएवढ्या ढिगाऱ्याखाली गेली. शकू बघायला गेली. ताराबाई दगडावर बसून नुसती बघत होती. "आता गो?" शकूने विचारलं. "आता काय? म्हसा गावाला बहिणीकडं बघीन. उरली असली तर आणीन," ताराबाई म्हणाली. शकूच्या तोंडात शब्द आला आणि तिने तो गिळला. तिची स्वतःची रोपं जेमतेम अर्ध्या शेताला पुरणारी. त्यातून द्यायचं म्हणजे स्वतः उघड्यावर पडायचं.

रविवारी साईनाथभाऊने काय सांगावं? वाळवंटात चाललेल्या लोकांची गोष्ट. रोज सकाळी देव त्यांना खायला पाठवायचा, ज्याच्या त्याच्या त्या दिवसापुरतं. काहींनी भीतीपोटी जास्तीचं लपवून ठेवलं, उद्या नाही मिळालं तर म्हणून. सकाळी बघतात तर त्यात किडे. "ते लोक वाईट नव्हते," साईनाथभाऊ म्हणाला, "भ्यालेले होते. पण भीतीनं साठवलेलं खाता येत नाय." शकूने मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही. भाऊला कळलं की काय? त्याला काहीच माहीत नव्हतं, बिचाऱ्याला. सभा संपल्यावर उलट त्याने विचारलं, "शकूताई, वाफे कसे हायत?" ती म्हणाली, "हायत." आणि चप्पल शोधायला वळली.

सोमवारी नवाच्या आतच टिलर आला. पाऊस उघडला होता. बांध उतरताना त्याच्या चाकाने कोपऱ्यातला वाफा दबला आणि आठ-दहा पिवळी रोपं चिखलात गेली. शकूने वाकून त्यातलं एक सरळ केलं. मोडायलाच बोलावलं होतं ना? मग आता काय झालं?

"मावशी, कुठून सुरू करू?" मनोजने इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं.

"थांब जरा."

"थांबून कसं चालंल? दुपारी धसईला जायचंय मला."

"थांब म्हनलं ना!"

तेवढ्यात बांधाच्या वाटेने ताराबाई आली. हातात रिकामी पाटी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. म्हशाला निघाली होती. तिने टिलर बघितला, दबलेला वाफा बघितला, मग शकूकडे बघितलं. आणि मग, अगदी क्षणभर, तिची नजर ओढ्याकडे गेली, करवंदीच्या जाळीकडे, आणि लगेच परत आली.

शकूला कळून चुकलं. हिला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे.

"जाते गो," ताराबाई म्हणाली. "गाडी चुकंल." आणि चालायला लागली. मागितलं नाही, टोमणा मारला नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर शकूला सोपं गेलं असतं.

शकू बांधावर खाली बसली. प्रार्थनेला बसायची ही काही जागा नव्हती, समोर टिलर धडधडत होता, पण तिचे ओठ हलायला लागले. प्रभू, मी भित्री बाई हाय. तुला ठाऊक हाय, तुझ्यापासून काय लपवू? सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं आणि मागच्या दारानं राब भाजला. माझ्यानं सुटत नाय रे. धरून धरून हात दुखले. तू सोडव.

आभाळातून कुणी बोललं नाही. तिने डोळे उघडले तर समोर बांधावरचा ऐन होता. या वर्षी न छाटलेला. तिला एकदम संदेश दिसला. वर, त्या फांदीवर, हातात धार लावलेला कोयता. आज हे वाफे मोडले तर काय होईल, हे तिला लख्ख कळलं. लोक म्हणतील, बघा, नव्याचं असंच असतं. नम्रता पुन्हा तोंड उघडणार नाही. पुढच्या माघात संदेश सुट्टी टाकेल आणि चढेल. जी भीती तिला भात वाचव म्हणत होती, तीच तिच्या पोराला झाडावर चढवणार होती. आणि पोटापाण्याचं? ते एकोणीस दिवस तिने कुठे काही साठवून ठेवलं होतं? रोजची पेज रोज आली होती.

ती उठली. भीती गेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो; ती तिथेच होती. फक्त आता तिच्या शब्दावर चालायचं नाही एवढं ठरलं.

"ताराबाय!" तिने जीव खाऊन हाक मारली. "अगो ताराबाय, थांब! म्हशाला नको जाऊ!"

ताराबाई वळली.

"रोपं हायत माझ्याकडं. ओढ्याच्या वरल्या अंगाला. सगळी घे." मग ती मनोजकडे वळली. "अरे, उचल तो टिलर. पलीकडं ने, हिच्या वावरात. चिखल तिथं करायचाय."

मनोजने कपाळाला हात लावला. "मावशी, डोकं ठिकाणावर हाय ना तुमचं?"

"आज पहिल्यांदा हाय. चल!"

दोघी राबात उतरल्या आणि रोपं उपटायला लागल्या. मूठ भरली की पायावर आपटून माती झाडायची, गवताच्या काडीने बांधायची, मागे टाकायची. तीस वर्षांचे हात, सांगावं लागत नव्हतं. निम्मा राब रिकामा झाला. शेवटी शकूलाच राहवलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"मार्चातच. धूर दिसला ना माझ्या खळ्यातनं."

"मग बोलली का नाय? माझ्या तोंडावर तरी बोलायचं. आमच्या सभेत मी काय सांगितलं ते वाडीभर झालं होतं."

ताराबाईने हातातली मूठ बांधून पूर्ण केली. "मला वाटलं, नवसूसाठी भाजला असंल. माणूस गेलं तरी त्याचं काम लगेच कसं टाकायचं? म्हणून नाय बोलले."

शकू चिखलात उभ्या उभ्या रडली. सहा वर्षांत रडली नव्हती अशी, हुंदके देऊन. हातांना चिखल होता, म्हणून ताराबाईने तिचे डोळे आपल्या दंडाने पुसले आणि म्हणाली, "बस झालं गो. रोपं वाळतील."

संध्याकाळी संदेश आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला: "कोपरा कुणी मोडला?" शकूने सगळं सांगितलं. तो दबलेल्या वाफ्याजवळ बसून वाचतील ती रोपं सरळ करत राहिला. नम्रता मंगळवारी आली आणि दोन दिवस फुरंगटून होती. तिचा तो हक्कच होता. रविवारी शकू पडवीत पुन्हा उभी राहिली. "मागच्या वेळची माझी साक्ष खोटी होती," ती म्हणाली आणि लपवलेल्या राबाची, टिलरची, ताराबाईची गोष्ट सांगितली. या वेळी कुणी हालेलुया म्हटलं नाही. मग वाळूबाबा हळूच म्हणाला, "ही खरी," आणि साईनाथभाऊने मान हलवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस सोपे नव्हते. पाठीशी काहीच उरलं नव्हतं. शकू रोज उजाडायला वाफ्यांवर जायची, पानं बघायची, बांधावर बसून प्रार्थना करायची, आणि मग ताराबाईच्या चिखलात लावणीला जायची. ऑगस्ट लागला तसा पिवळा रंग उतरला. एकेका रोपाला पंधरा-वीस फुटवे आले आणि वासरू धावेल अशी ती जागा भरून गेली. दिवाळीनंतर झोडणी झाली. भाविकने सांगितलं होतं तेवढं काही आलं नाही. गेल्या वर्षीपेक्षा दोन पोती कमीच. पण कणगी रिकामी राहिली नाही, आणि ऐनावर कुणी चढलं नाही.

माघात एक दिवस ताराबाई अंगणात येऊन बसली. चहा पिऊन झाला तरी उठेना. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "तुमचा तो लोखंडी साचा देशील? वरच्या वावरात यंदा बघीन म्हणते. पण थोडा राब भाजीन हां मी. एकदम नाय सोडवत."

शकूने साचा काढून तिच्यासमोर ठेवला. "भाज की," ती म्हणाली. "माझी ओढ्याकाठची जागा मोकळी हाय, तिथंच भाज. फक्त झाडावर कुणाला चढवू नको. खालचाच पाला गोळा करू. मी येते भारे बांधायला."